बूड गेलेली कोठी : एप्रिल ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

७ एप्रिल २०२४, रविवार. परभणी

पाडवा परवावर आलाय. झाडलोट चालली होती. मागच्या अंगणातली कचऱ्याची कोठी उचलली आणि बूड तिथंच राहिलं. कोठी माझ्या हातात, आणि बुडाची गंजकी चकती ओल्या केरासकट फरशीवर. कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, खाली काळं पाणी. हिनं दारातून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मी संक्रांतीपासून सांगतेय." सांगत होती, खरं आहे.

मी मोंढ्यात आडतीवर मुनीम. रोजमेळ लिहायची सवय हाताला लागलेली, म्हणून हेही लिहून ठेवतो. माल : जस्ती पत्र्याची गोल कोठी, तोंड ४० सेंटीमीटर, उंची ५०, म्हणजे साठेक लिटर. दोन बाजूंना कडीचे कान. झाकण अजून घट्ट बसतं, बसताना 'टप्प' आवाज करतं.

ही जन्मानं कचऱ्याची नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी दिवस आमची गल्ली रात्री अंगणात झोपायची. ज्वारी आतल्या खोलीत, आणि आत जायला सगळेच भ्यायचे. आईनं दादांना (आमचे वडील) सांगितलं, अंगणात ठेवता येईल अशी झाकणाची कोठी आणा. ती ही. त्या दिवाळीला आली. अर्धं पोतं ज्वारी बसायची, मध्ये मध्ये लिंबाच्या पाल्याचे थर. (लिंब म्हणजे कडुलिंब, पुण्याकडच्या वाचकांसाठी.) पुढं आई गेली, घरात भाकरी कमी झाली, ज्वारी पाच-पाच किलोच्या पिशवीनं यायला लागली. कोठी रिकामी पडली आणि कोणीतरी तिच्यात पहिला केर टाकला. कोणी ते आठवत नाही. मीच असेन.

वीस वर्षं ज्वारीनं तिला काही केलं नाही. दहा वर्षांत भाजीच्या देठांनी बूड खाल्लं. यात नवल काही नाही. लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो, तो आधी झिजतो आणि लोखंड वाचवतो. पण ओला कचरा कुजायला लागला की आंबट पाणी सुटतं, त्यात लिंबू-मोसंबीच्या साली. आम्लात जस्त लवकर विरघळतं. ते संपलं की लोखंड उघडं. पाणी बुडाशी साचतं म्हणून बूड जातं, कडा शाबूत राहतात.

फेकून देऊ. नवा डबा आणू.

८ ते ११ एप्रिल

फेकून देता येईना.

सोमवारी सकाळी कोठी फाटकाबाहेर ठेवली, आत ती बुडाची चकती. घंटागाडी आली. गाडीवरच्या मावशींनी चकती ओतून घेतली, कोठी झटकली आणि होती तिथं ठेवली. वर झाकण लावलं, टप्प. पाडव्याच्या दिवशी मी ती उपडी ठेवली, म्हणजे कळेल. मावशींनी सुलटी केली. बुधवारी आडवी पाडून ठेवली, तर बहुतेक कुत्र्यानं पाडली असेल असं समजून त्यांनी ती भिंतीला टेकवून उभी केली. वर वीट ठेवली, पुन्हा पडू नये म्हणून.

कचऱ्याचा डबा हाच कचरा आहे हे सांगायची काही खूणच नाही. मोडकी खुर्ची बाहेर ठेवली तर कळतं. फाटकी गादी कळते. डबा मात्र कितीही मोडका असला तरी डबाच दिसतो.

गुरुवारी मीच फाटकात उभा राहिलो.

"मावशी, ही कोठीच घेऊन जा."

"झाकण चांगलंय की हो भाऊ."

"बूड नाही तिला."

त्यांनी आत डोकावून पाहिलं, कोठीतून त्यांना स्वतःच्या चपला दिसल्या असतील. हसल्या. "मग भंगारात द्या. लोखंड आम्हाला देऊन काय करता, चार पैसे तरी येतील." आणि गाडी पुढं गेली. बाई बरोबर बोलली. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे घरानं ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे करायचे. पत्रा सुक्यात जातो आणि सुक्यातलं विकता येतं. मी मात्र आठ वर्षांत सगळं एकाच कोठीत कोंबत आलो.

१४ एप्रिल, रविवार

भंगारवाला गल्लीत आला. कोठी तराजूच्या आकड्याला लटकवली : ४ किलो १०० ग्रॅम, झाकणासकट. पत्र्याचा भाव जाड लोखंडाच्या खाली, आणि गंजका पत्रा त्याच्याही खाली. ७० रुपये म्हणाला. मी ८० म्हणालो. आडतीवर दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचा भाव ऐकतो, घरच्या मालाला तोंड उघडलं नाही असं व्हायला नको. तो ७५ वर आला.

तेवढ्यात दादा काठी टेकत बाहेर आले. वय ७९, ऐकायला कमी येतं, पण पैशाचा आकडा बरोबर ऐकू येतो.

"काय इकायलास?"

"कोठी. बूड गेलंय तिचं."

"बूड गेलं म्हणून इकायलास? त्यात कचराच टाकायचा ना? उकंड्याला कुठं बूड असतंय?"

भंगारवाला आमच्याकडं बघायला लागला. मी त्याला जुन्या वह्यांची रद्दी देऊन वाटेला लावलं.

२१ एप्रिल

दादांचं बोलणं डोक्यातून गेलं नाही. गावाकडं आमच्या वाड्यामागं उकंडा होता. शेण, राख, कडब्याची चघळ, सगळं त्यात. मिरगाच्या आधी गाडीत भरून रानात जायचं. त्याला बूड नव्हतं, झाकण नव्हतं, आणि कुणी त्याला 'प्रकल्प' म्हणत नव्हतं.

तरी आधी पत्रेवाल्याकडं जाऊन आलो. नवं बूड दुमडून बसवायचे ३५० मागितले. शेजारी वेल्डिंगचं दुकान. तो हातच लावेना. जस्ती पत्रा वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, त्याला दोनदा आलेला. "जस्त घासून काढून आणा, मग बघू." म्हणजे मुलामा घासायचा आणि मग गंजू नये म्हणून रंग द्यायचा. नको.

ठरलं : बुडाशिवायच वापरायची. अर्धी जमिनीत पुरायची, वर झाकण. ओला कचरा घरातच जिरवायचा.

याला अजून एक कारण आहे. माझी ताई छत्रपती संभाजीनगरला असते. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्यांच्या दारात पडत होता, त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल. शहरात रस्त्यावर ढीग लागले. ताई तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिनं गॅलरीत बादलीत माती घालून भाजीचा कचरा जिरवायला सुरुवात केली, नाइलाजानं. आजही करते. मी दर दिवाळीला जाऊन तिच्या बादलीला नाक मुरडून आलोय.

२६ एप्रिल, शुक्रवार

आज परभणीचं लोकसभेचं मतदान. सकाळीच मत देऊन आलो, आडत बंद, म्हणून खड्डा आजच.

जागा मागच्या लिंबाखाली. एप्रिलमधली काळी माती म्हणजे दगड. दोन बोटं रुंद भेगा पडलेल्या, आणि भेगांच्या मधली ढेकळं टिकावाला दाद देत नाहीत. काल रात्री चार घागरी पाणी ओतून ठेवलं होतं. त्यानं वरचं वीतभर मऊ झालं, खाली पुन्हा ठणठणीत. फूटभर खोल जायला अडीच तास लागले. बोटाला शाई आणि तळव्याला फोड.

मग भोकं. अंगाला ८ मिलिमीटरची, चार-चार बोटांवर, तीन रांगा, पण फक्त जमिनीच्या वर राहणाऱ्या भागात. आधी खिळ्यानं टोचा मारून घ्यायचा, नाहीतर ड्रिलचा बिट गोल पत्र्यावरून घसरतो. एकदा घसरला, पत्र्यावर अजून त्याचा चरा आहे. भोकाच्या आतल्या बाजूला पत्र्याची धार निघते. ती कानशीनं घासली, कारण उद्या त्यात हात मीच घालणार.

खाली कोंबडीची जाळी अंथरली. मुलीनं (आठवीत आहे) विचारलं, जाळी कशाला? म्हटलं, घुशीसाठी. "म्हणजे घूस पाळायचीय का?"

२८ एप्रिल, रविवार

पहिला भराव. तळाला तुराट्यांचे वीतभर तुकडे, हवा खेळायला. त्यावर लिंबाचा वाळला पाला, अंगणात ढिगानं पडलाय, फुकट. त्यावर तीन दिवसांचा ओला कचरा, २ किलो २०० ग्रॅम. वरून शेणाचं पाणी, मूठभर गूळ, वाटीभर आंबट ताक.

हिशेब असा. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब लागतो आणि नत्र लागतो. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असला की काम नीट चालतं. भाजीच्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, त्याचं प्रमाण १५-२० ला एक. तुराट्या, कडबा, वाळला पाला यांच्यात कर्ब जास्त. म्हणून एक डबा ओलं तर दोन डबे सुकं. ओलं जास्त झालं की वास, सुकं जास्त झालं की नुसतं पडून राहतं. ओल किती? मुठीत धरून दाबायचं. एखादा थेंब सुटला तर बरोबर, धार लागली तर जास्त.

नियम (हिच्या सहीचे) : मटण-माशाची हाडं नाहीत, तेलकट नाही, शिळी भाजी नाही. शिळी भाकरी गायीला. आणि कोठीला हात लावून कुणी तसंच स्वयंपाकघरात यायचं नाही.

१२ मे

काहीच होत नाहीये.

पंधरा दिवस झाले. उकंडा पेटायला पाहिजे, म्हणजे आतून तापायला पाहिजे. लोखंडी सळई मध्यभागी खुपसली, दहा मिनिटांनी काढून हातात धरली. कोमट. मे महिन्यात परभणीत कोठल्याही सावलीत ठेवलेली सळई कोमटच लागते, तेव्हा ही परीक्षा निकालात धरत नाही.

वाचून आणि ताईला विचारून कळलं ते असं. मोठा ढीग, म्हणजे मीटरभर लांब-रुंद-उंच, आतली उष्णता धरून ठेवतो आणि ५५-६० अंशांपर्यंत जातो. त्या तापात तणाचं बी मरतं. माझी कोठी त्या ढिगाच्या सोळाव्या हिश्श्याएवढी. तिच्यातली उष्णता पत्र्यातून निघून जाते. म्हणजे इथं कुजणार, पण गपगार कुजणार.

दुसरी गोष्ट, ऊन. दुपारी दोननंतर लिंबाची सावली सरकते आणि पत्रा भाजतो. वरचा थर पापडासारखा वाळलाय आणि मुंग्यांनी त्यात संसार मांडलाय. मुंग्या आल्या म्हणजे ओल कमी, ही खूण पक्की. कोठीभोवती बारदाना गुंडाळला, रोज सकाळी त्यावर तांब्याभर पाणी. आडतीवर फाटका बारदाना मागितला तर मालक म्हणाले, कोठीला पोशाख करायलास का?

आणि तिसरी, लिंबाचा पाला. ओला कचरा काळा पडत चाललाय, पण पाला जसाच्या तसा, पान न् पान मोजून घ्या. ज्या पाल्यानं वीस वर्षं ज्वारीला किडा लागू दिला नाही, तो आता किड्यांचीच वाट अडवून बसलाय. मला आधी सुचायला हवं होतं. पाला निम्म्यावर आणला, बाकी सोयाबीनचं भुसकट.

९ जून

मिरग लागला आणि पाऊस आला. अंगणाला वास सुटलाय. कोठीलाही सुटलाय, पण तो वेगळा.

झाकण काढलं तर आतला थर हलत होता. राखाडी-पांढऱ्या, चपट्या, ज्वारीच्या चार-पाच दाण्यांएवढ्या लांब अळ्या, शेकड्यांनी. मुलगी किंचाळली, मग फोटो काढला. ही म्हणाली, आजच्या आज हे बाहेर.

मीही जवळजवळ ओतून दिलं होतं. ताईनं फोनवर फोटो पाहिला आणि थांबवलं. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ती माशी घरमाशीसारखी ताटावर येत नाही. दिसायला बारीक गांधीलमाशीसारखी, पण डंख नसतो. मोठ्या माशीला नीट खाण्याजोगं तोंडच नाही, सगळं खाणं अळीपणी उरकून घेते. पाव किलोच्या काकडीच्या साली सकाळी टाकल्या, संध्याकाळी शोधून सापडेनात. कान लावला तर आत चुरचुर ऐकू येते, बारीक पाऊस पत्र्यावर पडावा तशी.

हिला एवढंच सांगितलं, की या आपोआप जातात. मोठ्या झाल्या की काळपट होतात आणि कोरडी जागा शोधत बाहेर निघतात. ती कोरडी जागा आमचा मागचा उंबरा असेल हे तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवस रोज सकाळी झाडूनं पंधरा-वीस लोटतोय. साळुंक्यांना पत्ता लागलाय, त्या माझ्या आधी येऊन बसतात.

३० जून

घूस आली. कोंबडीची जाळी तिनं दोन रात्रीत फाडली, बाजूनं बीळ पाडून थेट आत. आंब्याच्या कोयी बाहेर काढून ओळीनं मांडल्यासारख्या टाकून गेली. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश आणली, १८० रुपये. कोठी उपसून, जाळी दुमडून बुडाला तारेनं शिवली. भंगाराचे ७५ रुपये आता कुठं दिसत नाहीत.

१० जुलै, बुधवार

सकाळी सव्वासातच्या सुमारास चहा घेत मागं उभा होतो. आधी कोठीचं झाकण वाजलं. मला वाटलं घूस. मग चहा हलला, मग पायाखालचं. काही सेकंद. दादा खाटेवरून ओरडले, "बाहेर या रे!" त्यांना ऐकू येत नाही, पण हे कळलं.

केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. मार्चमध्येही असाच बसला होता. आमच्याकडं काही पडझड नाही. गल्ली तासभर बाहेर उभी होती आणि जो तो '९३ ची गोष्ट सांगत होता. दादा कोठीपाशी खुर्ची टाकून बसले आणि मुलीला सांगायला लागले, की तुझी आजी या कोठीवर बसून रात्र काढायची. हे मला माहीत नव्हतं. झाकणाच्या मधोमध जो खोलगट पोचा आहे तो कशाचा, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

२८ जुलै

स्वयंपाकघरातला पायाने उघडायचा प्लास्टिकचा डबाही गेला. खटका तुटला, अंगाला तडे. तळाला त्रिकोणात ५ आकडा, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. हा दोन उन्हाळे गॅलरीत होता. उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं, बोटानं दाबलं तर बिस्किटासारखं मोडतं. त्याला काय करणार? त्यात रोप लावा म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण ते तुकडे मग मातीत जातात आणि तिथंच राहतात. सुक्या कचऱ्यात दिला. यावेळी फोडून, तुकडे पिशवीत बांधून दिला. मावशींनी परत ठेवला नाही.

पत्रा तीस वर्षं टिकला, हा चार. विषय संपला.

१ सप्टेंबर, रविवार

कालपासून पाऊस. आज दिवसभर आभाळ फाटल्यासारखा. रस्ते बंद झाल्याच्या बातम्या सगळीकडून. मागचं अंगण तळं झालंय. कोठीकडं जाताही येत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

पोळा असा पाण्यातला कधी पाहिला नाही. पुतण्याचा गावाकडून फोन. सोयाबीन पाण्याखाली, बैल गोठ्यातच पुजले, मिरवणूक नाही. आडतीवर ज्यांचा माल दिवाळीला यायचा त्यांची नावं एकेक करून डोळ्यांपुढं येतायत. आज कोठीबद्दल लिहायला नको वाटतं.

४ सप्टेंबर

पाणी ओसरलं, अंगणातून. कोठीतून नाही.

झाकण काढलं आणि दोन पावलं मागं आलो. आत झाकणाच्या वीतभर खाली काळं पाणी, वर तरंगणारी सालं, बुडबुडे, आणि अंड्याचा, गटाराचा वास. हवा संपली की हवेत जगणारे जिवाणू मरतात आणि बिनहवेचे कामाला लागतात, त्यांचा हा वास.

चूक माझी, आणि साधी. बूड नाही म्हणजे पाणी खाली जाईल असं मी धरून चाललो. मुरमाड रानात गेलं असतं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी खाली सोडायचं नावच घेत नाही. मी एप्रिलमध्ये खड्डा नव्हता खणला, आड खणला होता. जमिनीतल्या भागाला भोकं नाहीत, म्हणजे आलेलं पाणी बाजूनंही जायला वाट नाही. काळ्या रानात आयुष्य काढलेल्या माणसाच्या मुलानं हे करावं!

दादांना सांगितलं तर म्हणाले, "उकंडा उंचवट्यावर असतोय. तुला कोण खड्ड्यात पुरायला सांगितलं?"

कोणी नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, आज कोठी उठवली.

तगारीनं सगळं उपसलं. बारा तगाऱ्या चिखल, ताडपत्रीवर पसरला. शेजारच्यांनी खिडक्या लावल्या, त्यांना संध्याकाळी मोदक नेऊन दिले. खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि मुरमानं भरून काढला, वर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ओटा. त्यावर चार विटा, विटांवर कोठी, बुडाला वेल्डमेश. आता खालून हवा, आणि पाणी टपकून मुरमात जातं. खाली जुनी परात सरकवली तर तेच पाणी गोळा होतं. दहापट पाण्यात मिसळून जास्वंदीला घातलं, मेली नाही.

जमिनीत होता तो पत्रा तपासला. चार महिन्यांत मातीच्या रेषेवर गंजाचा पट्टा आलाय, बोटभर रुंद. वर आणि खाली बरा. माती, हवा आणि पाणी जिथं एकत्र येतात तिथंच तो गंजला.

(पुढचं तीन दिवसांनी लिहिलेलं.) ताडपत्रीवरचा चिखल दोन दिवस उन्हात हलवला आणि दुप्पट सुकं भुसकट घालून परत भरला. तिसऱ्या दिवशी वास गेला. इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं.

१२ सप्टेंबर

आज महालक्ष्म्या उठल्या. सोळा भाज्यांचे देठ, केळीची पानं, फुलं : एका दिवसात ६ किलो ४०० ग्रॅम, आतापर्यंतचा उच्चांक. केळीचं पान तसंच टाकलं की थरावर झाकणासारखं बसतं, हवा अडते. कात्रीनं बोटभर पट्ट्या केल्या. ही पहिल्यांदा आपणहून कोठीपर्यंत आली, निर्माल्याची परडी घेऊन. झाकण तिनंच उघडलं, वास घेतला, काही बोलली नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. दारांचे झेंडूचे हार उतरवून कोठीत, पण आधी दोरे काढून. गणपतीतल्या हारांचे दोरे तसेच गेले होते, त्यांची आता नायलॉनची जाळी झालीय आणि ती बोटांना गुंडाळते. आपट्याची पानं चिवट, ती वेगळी ठेवली.

कोठी भरत आली म्हणून खालून काढायचं ठरवलं. बुडाच्या जाळीची तार सोडली, कोठी सरळ वर उचलली, पोतं ओढून काढावं तशी, आणि आतला माल विटांवर तसाच उभा राहिला. बूड असतं तर हे जमलं नसतं, वरून उकरत बसावं लागलं असतं. वरचं निम्मं कच्चं, ते परत आत. खालचं काळं, भुसभुशीत. पहिल्या सरीनंतर मातीचा येतो तो वास.

वाळूच्या चाळणीतून चाळलं. चाळणीवर राहिलं ते : तुराट्यांचे तुकडे, कोयी, नारळाची शेंडी, दोरे, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे सतरा (मुलीनं मोजले, आणि कापणारा मी आहे हेही सांगितलं), आणि हिचा हरवलेला एक चमचा. चमच्यासाठी जुलैमध्ये भांडं घासणाऱ्या बाईला विचारून झालं होतं. उद्या तिला सांगायला हवं.

चाळून आलेलं : १९ किलो ५०० ग्रॅम. आत गेलेला ओला कचरा वहीप्रमाणे ११८ किलो, सुकं वेगळं, ते मी मोजलं नाही. आडतीवर इतकी घट कुणी दाखवली तर मी वही त्याच्या तोंडावर आपटेन.

२० ऑक्टोबर

चाळलेलं खत पोत्यात सावलीत ठेवलं होतं. त्यातून टोमॅटोची रोपं उगवली, तीस-चाळीस. कोठी तापली नाही त्याचा हा पुरावा, बी जिवंत राहिलं. सहा कुंडीत लावली, बाकी गल्लीत वाटली. कुठल्या जातीचे ते बाजारातल्या भाजीवालीलाच माहीत.

दादांनी ओंजळभर खत घेतलं, चुरलं, हुंगलं. "जरा कच्चंय. अजून महिनाभर ठिव." ठेवतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची झाडलोट. रोजमेळ :

नावे : वेल्डमेश १८०, ड्रिलचा बिट ६०, मुरूम पाव ट्रॉली २५०, शेजारी मोदक.
जमा : खत साडेएकोणीस किलो, चमचा एक.

घंटागाडीला आता फक्त सुक्याची पिशवी जाते, तीही एक दिवसाआड. काल मावशींनी हाक मारून विचारलं, "गावाला गेले होते का भाऊ? ओला नाही दिसत तुमचा." त्यांना मागं नेऊन कोठी दाखवली. त्यांनी झाकण उचललं, आत पाहिलं, वाकून विटांमधून खालीही पाहिलं.

"बूड तर नाहीच बसवलं."

"नाही."

"मला पण एक अशी बघा की. माझ्या दारात जागा आहे." भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, बूड गेलेली आली तर आधी मला दाखव. म्हणतो, आता भाव १०० होईल.